मनात काही आहे का?

देवाकडे जायच्या आधी शेजाऱ्यांची परवानगी मागणारी बाई साऱ्या शहरात एकच असेल, आणि ती म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. मी सिल्लोडकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी आलो, तेव्हा गारखेड्यात त्यांनीच मला गच्चीवरची खोली दिली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही, हे कळल्या दिवसापासून त्या मला ‘प्रोफेसर’ म्हणतात. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या; निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत वेदीपुढे भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. आपल्याबद्दल कुणाच्या मनात काही असेल, तर आधी जाऊन समेट करावा, मगच वेदीपुढे यावं, अशी त्यांच्या धर्मात शिकवण आहे. बाकीची मंडळी हे ऐकून मान डोलावतात. सिस्टर मात्र पांढरी साडी नेसून सकाळी सातला गल्लीतल्या अकरा घरांच्या कड्या वाजवायच्या आणि प्रत्येक दारात विचारायच्या, “माझ्याबद्दल मनात काही आहे का?”

सुरुवातीला मला हसू यायचं, कारण लोक याचा पुरेपूर फायदा घ्यायचे. कोपऱ्यावरचे तलाठीकाका हमखास म्हणायचे, “आहे ना. तुमच्या शेवग्याच्या शेंगा सगळ्या रस्त्याकडं, आमच्या वाट्याला एक नाय.” सिस्टर तशाच मागं फिरून आकडीनं शेंगा काढायच्या, त्यांच्या हातात द्यायच्या आणि विचारायच्या, “आता?” “आता मन लई साफ झालं.” एका काकूंच्या मनात, सिस्टरनी त्यांच्या मुलीला लहानपणी दिलेलं इंजेक्शन सलत होतं. ती मुलगी आता जालन्याला सासरी असते. सिस्टरनी तिला फोन लावून माफी मागितली, तोवर चर्चमधली पहिली दोन गीतं होऊन गेली होती.

मग शहराचं नाव बदललं, आणि जुनं-नवं कोण काय घेतं, यावरून माणूस कुणाचा ते ठरायला लागलं. सिस्टर नुसतं ‘आपलं गाव’ म्हणायच्या आणि दोन्हीकडची बोलणी खायच्या. खालच्या दोन खोल्यांत त्यांचे भाडेकरू होते, शिलाईकाम करणारे मुसलमान चाचा आणि त्यांची बायको. त्यांना काढा, असा कागद गल्लीत फिरला. तलाठीकाका तो घेऊन आधी गच्चीवर, माझ्याकडं आले. “शिकलेल्याची सही वर असली की कागदाला वजन येतं,” म्हणाले. मी सही केली. का केली, ते मला अजून नीट सांगता येत नाही. भीती होती, आणि सिस्टर सोडल्या तर पहिल्यांदाच कुणीतरी मला शिकलेला म्हटलं होतं.

पुढच्या पहिल्या रविवारी अकराही दारांत एकच उत्तर आलं. “आहे मनात. त्यांना काढा, मग नाय.” सिस्टरनी त्यांना काढलं नाही. त्या चर्चमध्ये गेल्या, शेवटच्या बाकावर बसल्या आणि भाकर, प्याला न घेता परत आल्या. असे चार महिने गेले. चाचा एकदा म्हणाले, “हमारे वास्ते तुम कायकू भुके रहते, सिस्टर?” “भुकी कोण? सकाळी चांगल्या दोन पोळ्या खाल्ल्यात मी,” असं म्हणून त्यांनी विषय मोडला.

पाचव्या महिन्यात सिस्टर बाजारात गेलेल्या असताना चाचांनी शिलाई मशीन टेम्पोत चढवलं आणि बायकोला घेऊन दौलताबादला मेव्हण्याकडं निघून गेले. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी कडी वाजायच्या आधीच दारं उघडली. तलाठीकाका तर फाटकापर्यंत आले. “आता कुणाच्या मनात काही नाय, सिस्टर. जा बिनघोर.”

सिस्टरनी पदर सारखा केला. “तुमच्या मनात नाही, काका. पण आता माझ्या मनात आहे,” म्हणाल्या, आणि शेवटच्याच बाकावर जाऊन बसल्या.

अजूनही त्या तिथंच बसतात. गल्लीतल्या कड्या वाजवणं त्यांनी सोडलंय. शेंगा झाडावरच वाळतात. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दुखऱ्या गुडघ्यांनी गच्चीचा जिना चढून माझ्या दारात मात्र येतात. तो सह्यांचा कागद लोकांनी त्यांच्याही हातात दिला होता. माझं नाव सगळ्यांत वर आहे, वळणदार अक्षरात.

“प्रोफेसर, मनात काही आहे का?”

“नाही, सिस्टर.”

त्या लगेच उतरत नाहीत. पदरानं घाम टिपत थोडा वेळ दाराशी थांबतात. मी पुस्तकाचं पान धरून बसतो. मग चर्चला उशीर होतो, आणि त्या कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागतात.