शेवटची दहा मिनिटं

बारामतीत तीस वर्षं मी टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. उघडलेल्या सेटमध्ये झुरळं सापडली, पाली सापडल्या, एकदा कुणाची तरी कवळी सापडली. भूत कधी सापडलं नाही. असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी एवढंच विचारायचो — आधी प्लग बघितला का?

दुकान आवरलं आणि जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली. सीट काढून पलंग, शेगडी, छतावर सोलर, आणि अर्थातच टीव्ही. सिनेमे पेनड्राइव्हवर. मी आणि बायको सुनंदा तेव्हापासून गाडीतच राहतोय. पहिले सहा महिने त्या टीव्हीने एकदाही त्रास दिला नाही, हे लक्षात ठेवा.

मग अंथुर्ण्याला थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या, पेरूच्या बागेत गाडी लावली. दादांना जाऊन वर्ष झालं होतं. वहिनी एकट्या. जेवण धड नाही, बोलणं नाही. त्यांना सोबत न्यायलाच आम्ही आलो होतो, पण त्यांचं एकच — "ह्यांना हितं एकलं टाकून कुठं येऊ, भाऊजी?"

दादांची एक सवय सांगायला हवी. शेतीची थ्री-फेज लाईट कधी येईल त्याचा नेम नाही. आली की मोटर चालू करायला पळायचं. सिनेमा रंगात आला की नेमके दादा उठायचे. पाणी लावून अर्ध्या तासाने यायचे आणि चिखलाच्या पायांनी उंबऱ्यात बसून विचारायचे, "काय झालं शेवटी?" वहिनी सांगायच्या. दादांनी जन्मभर सिनेमाचे शेवट असे ऐकलेच फक्त.

पहिल्याच दुपारी आम्ही तिघं गाडीत खुनाचा सिनेमा बघत होतो. खुनी कोण ते आता कळणार... आणि चित्र थांबलं. रिमोट माझ्या खिशात. बटणं दाबली, बंद करून चालू केला, तेच चित्र. तेवढ्यात विहिरीवर मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. आमचे वाटेकरी मारुतीराव तिथं होते.

"लाईट आली वाटतं," वहिनी म्हणाल्या.

गाडीची बॅटरी वेगळी, शेताच्या लाईटशी एका तारेचाही संबंध नाही. अर्ध्या तासाने सिनेमा आपोआप पुढं सरकला. दुसऱ्या दिवशी लाईट अकराला आली, तिसऱ्या दिवशी पावणेदोनला. दोन्ही वेळा तेच. मी पेनड्राइव्ह बदलला, वायरी बदलल्या, चौथ्या दिवशी टीव्ही उचलून बारामतीला ओळखीच्या दुकानात नेला. तिथं दिवसभर बिनबोभाट चालला. सुनंदा म्हणाली, तीस वर्षं गिऱ्हाइकांचे टीव्ही काय दुरुस्त केलेत कोण जाणे.

वहिनी मात्र रोज सिनेमा संपला की गाडीच्या दाराकडे तोंड करून हळू आवाजात शेवट सांगायला लागल्या. माझं डोकं फिरलं. मी फाडकन बोललो, "वहिनी, टीव्ही गाडीत थांबतोय ना? मग दादा गाडीत आहेत, विहिरीवर नाहीत. आणि गाडीला चाकं आहेत."

माझा यावर काडीचा विश्वास नव्हता. वैतागून बोललो होतो. पण वहिनींनी संध्याकाळी पिशवी भरली.

दापोलीजवळ समुद्राकाठी गाडी लावली. दोन दिवस सिनेमे अखेरपर्यंत सुरळीत चालले. खरं तर मी खूश व्हायला हवं होतं. वहिनींनी ताट तसंच सारलं. "तुमी म्हणला व्हता गाडीत हायेत. न्हाईत. मला माघारी सोडा." मला स्वतःची लाज वाटली. आयुष्यात पहिल्यांदा मनात आलं, हा टीव्ही बंद पडू दे.

तिसऱ्या दिवशी सकाळी, शेवटची दहा मिनिटं राहिली असताना, चित्र थांबलं.

वहिनींनी लगेच मारुतीरावांना फोन लावला. स्पीकरवर होता. "लाईट आली का?"

"आत्ता आली बघा. दोन दिस डीपी जळालेला, लाईटच न्हाय, थेंब न्हाय पानी. तुमाला कुणी सांगितलं?"

वहिनींनी फोन ठेवला, पदराने डोळे पुसले आणि सुनंदाला म्हणाल्या, "भूक लागलीय गं. काय हाय?"

तेव्हापासून त्या आमच्यासोबतच आहेत. दोन वेळा जेवतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. टीव्ही मी आजवर अकरा वेळा उघडलाय. प्लगही बघितला. कारण सापडत नाही, आणि सिनेमा अजून अडतो. काल अडला तेव्हा वहिनी शेगडीपाशी भाजी चिरत होत्या. अर्ध्या तासाने तो संपला, आणि दाराकडे बघून शेवट मीच सांगितला.