सतरा आठे छत्तीसासे

चहा आधी खाली ठेवा. ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत, दाराला आतून कडी लावून बसलेल्या मुलीची परीक्षा रद्द होऊ शकते का? होते हो. माझी झाली!

मला अमेरिकेत एमएस करायचं होतं, त्यासाठी जीआरई द्यायची होती. इंग्रजीचं काही वाटत नव्हतं, गणिताने मात्र झोप उडवली होती. मैत्रीण श्रुती म्हणाली, "दिलसुखनगरला क्लास लाव. सगळे लावतात." पण आमचे दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या हिशेब खात्यातून रिटायर झालेले. क्लासचं नाव काढलं की कारलं खाल्ल्यासारखं तोंड!

"कायकू क्लास? मी मेलो का काय?"

"दादा, असं काय बोलता!"

"मग क्लासचं नाव नक्को काढू."

दुसऱ्याच दिवशी ते कोठीच्या बाजारातून तयारीचं एक जुनं जाडजूड पुस्तक घेऊन आले. पानं पिवळी पडलेली, आतमध्ये तीन-चार आधीच्या मालकांच्या सह्या.

"दादा, फारच जुनं आहे हो हे."

"गणित शिळं होतं का गं वैजू? ते काय इडलीचं पीठ आहे?"

आणि मला पटलं. बघा, पटलं! पुस्तकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं, कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही. दादा तर खूशच झाले. "मग! आता पाढे पाठ पाहिजेत."

झालं! तारनाक्याच्या आमच्या फ्लॅटची शाळा झाली. मी भाजी चिरतेय, बाल्कनीतून आवाज, "एकोणीस सत्ते?" मी स्वयंपाकघरातून, "तेहेतीसासे!" म्हणजे एकशे तेहेतीस, दादांचे पाढे जुन्या वळणाचे. शेजारच्या लक्ष्मी आंटींनी आईला विचारलं, घरात कसली पूजा चालू आहे का म्हणून. वर मीच एक नियम केला. मी अडकले की दादांनी ताबडतोब उत्तर सांगायचं, जरासुद्धा थांबायचं नाही. नियम माझाच हं, लक्षात ठेवा.

परीक्षा घरूनच द्यायची होती, लॅपटॉपवर. कॅमेऱ्यातून एक निरीक्षक सारखा बघत असतो. खोलीत दुसरं माणूस नको, कुणाशी बोलणं नको, नाहीतर परीक्षा रद्द. आणि अर्जांची मुदत अगदी तोंडावर आलेली. ही गेली की माझं वर्ष गेलं! म्हणून मी कडेकोट बंदोबस्त केला. आईला मावशीकडे पाठवलं. बेल बंद. कुकर लावायचा नाही. लक्ष्मी आंटींच्या मिक्सरलाही सुट्टी. दादांना पलीकडच्या खोलीत बसवून बजावलं, "खोकायचंसुद्धा नाही."

"हौ गं माय, आला तर गिळतो."

सगळ्यांची तोंडं बंद केली. एकच राहिलं. माझं!

गणित सुरू झालं आणि माझे ओठ हलायला लागले. लॅपटॉपमधून इंग्रजीत आवाज आला, "मॅडम, तुम्ही कोणाशी बोलताय?"

"स्वतःशीच, सर."

"कृपया बोलू नका."

बरं बाबा. ओठ मिटले आणि अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवायला लागले, आपण सगळे मोजतो तसा. लगेच पुन्हा आवाज, "मॅडम, हाताने कोणाला खुणा करताय?"

आता आपलं अर्धं डोकं पेरांत असतं हे त्याला कसं समजावू? दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. तोंड बंद, बोटं बंद. आणि गंमत सांगू? डोकंही बंद! समोर सतरा गुणिले आठ. फ्रॉक घालायच्या वयापासून येणारं, पण काही केल्या आठवेना. वेळ पळतोय. आणि माझ्या नकळत, रोजच्या त्या चालीत, तोंडून मोठ्याने निघालं, "सतरा आठे... सतरा आठे..."

भिंतीपलीकडून खणखणीत आवाज आला.

"छत्तीसासे!"

एकशे छत्तीस. अचूक!

निरीक्षकाचा सूरच बदलला. "घरात कोण आहे? दार उघडून दाखवा." उघडलं. दारात दादा, लुंगीवर, हात जोडून उभे. आपल्या कचेरीतल्या इंग्रजीत म्हणाले, "सर, मी हिचा बाप. मी उत्तर सांगितलं नाही. फक्त पाढा पूर्ण केला!"

संपलं! "परीक्षा रद्द करावी लागेल," निरीक्षक म्हणाला. मला रडूच फुटलं.

"सर, चीटिंग नाही हो ही! कॅल्क्युलेटर नाही म्हणून तोंडाने म्हणावं लागतं."

मग तो बिचारा अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, कॅल्क्युलेटर आहे. स्क्रीनवरच आहे. वरच्या बाजूला बघा."

बघितलं. होता! पुस्तक छापल्यावर कधीतरी नियम बदलला होता, आणि मी परीक्षेच्या सूचना वाचल्याच नव्हत्या. पुस्तक होतं ना, सूचना कशाला वाचायच्या? दादा चष्मा सावरत वाकून स्क्रीनकडे बघत होते. म्हणाले, "वैजू, त्याला विचार ना, माझं उत्तर तर बरोबर होतं?"

वर्ष गेलं ते गेलंच. चार दिवस मी दादांशी धड बोलले नाही. मग एका सकाळी ते स्वतःच दिलसुखनगरला जाऊन क्लासमध्ये माझं नाव घालून आले, आणि मलाच कसंतरी झालं.

पुढच्या खेपेला मी केंद्रावर जाऊन परीक्षा दिली. ॲडमिशन मिळालं हं, काळजी नको. पण एक गोष्ट अजून दादांनासुद्धा सांगितलेली नाही. पहिलंच गणित आलं, मी ऐटीत कॅल्क्युलेटर उघडला, आकडे दाबले, उत्तर आलं. आणि मग काय केलं असेल मी?

हळूच हात टेबलाखाली नेला आणि पेरांवर मोजून बघितलं, बरोबर आलंय का ते!