साठाव्या दिवसाचा मसाला

आमच्या शेजारच्या जुल्फिकारने सौदीत सतरा वर्षं पाण्याचा टँकर चालवला. दोन वर्षांतून एकदा तो महाडजवळच्या आमच्या नाते या गावी यायचा, तोही मोजून साठ दिवस. त्या साठ दिवसांत त्याचा थाट जावयासारखा. रोज ताजी मासळी, गार पाण्याचा तांब्या हातात, आणि पोटची पोरगी माहरुख त्याच्यापुढे आल्यावर ओढणी सावरायची.

बाकीचा काळ घर त्याच्या बायकोच्या, एकट्या हफिजाच्या डोक्यावर. लग्न होऊन आली तेव्हा ही बाई मान वर करून बोलत नव्हती, मी साक्षीला आहे. तिनेच पुढे उभं राहून स्लॅबचं घर बांधून घेतलं, गवंड्याशी भांडली, तलाठ्याकडे खेटे घातले, माहरुखला महाडच्या कॉलेजात घातलं. आणि गाव काय म्हणायचं? घर जुल्फिकारने बांधलं! मला त्याचा फार राग यायचा.

दोन हजार तीनच्या एप्रिलात तो कायमचा परत आला आणि हौसेने कारभार हाती घ्यायला निघाला. तांदळाचं पिंप हलवलं, कोंबड्यांचं खुराडं मागच्या दारी नेलं. हफिजा नुसतं 'बरं' म्हणायची. तो दुपारी झोपला की पिंप गुपचूप मूळ जागी नेऊन ठेवायची.

जून लागला तसा दरवर्षी त्यांचं शेत नांगरणारा रामजी नांगर घेऊन आला. जुल्फिकारने त्याला वरच्या शेतातनं सुरुवात करायला सांगितलं. रामजीने मान डोलावली आणि सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेला.

"भाभी, भाऊ वरच्या शेतातनं सांगतायत. तसाच करू काय?"

"खालच्यातनं," आतून आवाज आला.

जुल्फिकार माझ्या ओटीवर येऊन बसला.

"काकी, सगळे माझ्याशी गोडच बोलतात. पण या घरात माझा काम काय हाय?"

"सतरा वर्सांचा संसार दोन महिन्यांत हाती येत नाय रे," मी म्हटलं. जरा तोडूनच बोलले. मग त्याचं तोंड बघून मलाच वाईट वाटलं.

चार दिवसांनी सकाळी हफिजाच्या चुलीवरून मिरच्यांचा असा खकाणा उठला की दोन्ही घरांना ठसका लागला. मला नवल वाटलं, कारण वर्षाचा मसाला मे महिन्यातच आम्ही दोघींनी मिळून केला होता. बघायला गेले. ती मिरच्या भाजत बसलेली. बाजूला सुक्या कोळंबीचे निवडलेले सोडे, तोंडाला फडकं बांधलेली लोणच्याची बरणी. दर खेपेला त्याच्याबरोबर सौदीला जायचं तेच सामान!

जुल्फिकार दारात उभा होता.

"मला कुठं पाठवतेस?"

हफिजाचा कालथा थांबला. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. त्याला येऊन साठ दिवस झाले होते.

"या अल्ला," ती म्हणाली. "मी मुद्दाम नाय केला. हात आपोआप लागले."

"तुझे हात माझ्या जायचीच वाट बघतायत तर."

आता मात्र ती भडकली. "वाट? दर खेपेला हा मसाला रडत भाजलाय मी. मिरच्यांच्या धुरात कोणाला कळला नाय. तुम्हालासुद्धा नाय!"

मला निघून जावंसं वाटलं, पण तिथेच थांबले. जुल्फिकार चुलीपुढे बसला. तिच्या हातातला कालथा घेतला आणि मिरच्या हलवायला लागला. टँकर चालवणारा हात तो. दोन मिनिटांत मिरच्या काळ्या ठिक्कर.

"अवो, जाळलात ना सगळ्या!" हफिजा ओरडली. "एवढा पण जमत नाय तुम्हाला? उठा आधी तिथनं! आणि ती कढई आता तुम्हीच घासायची!"

माहरुख आतल्या खोलीतून धावत आली आणि थबकली. बापाला कोणी असं बोललेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं.

जुल्फिकार कढई घेऊन मागच्या दारी आला, त्याच्यामागून मीही बाहेर पडले. डोळे लालभडक, नाकातून पाणी.

"काकी, ऐकलात?" तो हसत होता. "ओरडली माझ्यावर. पाहुण्यावर कोण ओरडता काय?"