‘गरीब’ या शब्दाचं मराठी

मी निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या कॉलेजातले अरबीचे सर एक काम घेऊन घरी आले. ते माझ्या आधी निवृत्त झालेले. हदीस म्हणजे पैगंबरांची वचनं आणि आठवणी, एकानं दुसऱ्याला सांगत पुढं आलेल्या. त्यातली कोणती किती भरवशाची, हे ठरवणाऱ्या शास्त्रातल्या शब्दांवर सरांनी उर्दूत एक पुस्तिका लिहिली होती. त्यांच्या घरातली नातवंडं मराठी शाळेत शिकणारी, त्यांना उर्दू वाचता येत नव्हतं. मी जन्मभर मराठी शिकवलेलं, म्हणून भाषांतर माझ्याकडं आलं.

मी दुपारी त्यांच्याकडं जायचे. ते वाचून अर्थ सांगायचे, मी लिहायचे. ‘सनद’ला फारसा त्रास झाला नाही. आपल्याकडं सनद वकिलाला मिळते. इथं ती सांगणाऱ्यांची साखळी. ‘गरीब’पाशी मात्र गाडी अडली. गरीब हदीस मराठीत वाचणार कोण, म्हणून मी ‘विरळ’ लिहिलं.

“विरळ म्हणजे कमी आढळणारी,” सर म्हणाले. “इथं तसं नाय, मॅडम. साखळीत कुठंतरी सांगणारा एकच उरला, की ती गरीब. तरी ती पक्की असू शकते.”

“पण वाचणाऱ्याला गरीब म्हटल्यावर पैसा नसलेला माणूस दिसेल.”

“दिसू द्या. अरबीत तरी या शब्दाचा अर्थ परका माणूस. जाणकारांनी आपसात ठरवून त्याला वेगळं काम दिलं. अशा शब्दाला इस्तिलाह म्हणतात.”

ते मला पटलं नाही. पुढं ‘जईफ’ आला, म्हणजे कच्ची हदीस. मी ‘अविश्वसनीय’ लिहिलं आणि सरांचा चेहरा बदलला.

“जईफ म्हणजे कमजोर. खोटीसाठी वेगळा शब्द आहे. तुमच्या शब्दानं मी न म्हटलेलं माझ्या तोंडी जातं.”

मी कागद आवरून घरी आले. बरेच दिवस त्यांचा फोन आला नाही, मीही केला नाही. मला राग आला होता. चांगलं मराठी लिहिण्यात आपली काय चूक, असं वाटत होतं.

नंतर एका रविवारी सर सुनेला घेऊन आले. ती मूळची वैजापूरची, मुकुंदवाडीच्या मराठी शाळेत गणित शिकवते. तिनं माझा मजकूर वाचला होता.

“मॅडम, मी वर्गमूळ शिकवते तेव्हा मुलांना झाडाचं मूळ माहीत असतंच,” ती म्हणाली. “पहिल्या दिवशी एकदा नीट समजावते. नंतर कुणी गोंधळत नाही. मला तर ‘विरळ’च कळलं नाही.”

सर खिडकीबाहेर बघत होते. मी चहा टाकायला आत गेले. ती म्हणत होती ते बरोबर होतं, आणि ते सरांनी नव्हे तर तिनं सांगितलं, म्हणून मानायला सोपं गेलं.

मूळ शब्द तसेच ठेवले. प्रत्येक शब्द पहिल्यांदा येतो तिथं दोन-तीन ओळींचा खुलासा दिला. पुस्तिका छापून झाली. खुलासे लांबले, असं सरांचं मत आहे. काही वाक्यं मराठीला धरून नाहीत, असं माझं. मी अजून अधूनमधून त्यांच्याकडं जाते. हल्ली बोलणं बहुतेक गुडघ्यांवरच होतं.