ओठांवरचं मले-तुले

बाळांनो,

पुढचे दोन दात काढायचे आहेत आणि मी पुन्हा पुन्हा दवाखान्याची वेळ बदलते, म्हणून परवा तुम्ही मला फोनवर झापलं. "आजी, एवढी शिस्तीची तू, आणि दाताला घाबरतेस?" मी हसून विषय बदलला. मी घाबरत नाही. कारण वेगळं आहे, ते फोनवर सांगता येईना, म्हणून लिहिते आहे. धाकट्या आजीला पाठवलेला, बोललेलं लिहून दाखवणारा मोबाइल चालतो का, या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

माझी ही बहीण राळेगावच्या पुढे खेड्यात राहते आणि तिचे कान गेले, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कानातलं यंत्र तिने लावून पाहिलं. त्यातून नुसता गलका येतो म्हणून काढून ठेवलं. पण कान गेल्यावर घरात काय होतं, ते तुम्ही पाहिलेलं नाही. कोणी वाईट वागत नाही. फक्त तिला सांगणं हळूहळू बंद होतं. सोयाबीन कधी विकलं, नातीचं लग्न कुठे ठरतंय, सगळं तिला शेवटी कळतं. "नंतर सांगतो" म्हणतात, आणि ते नंतर येत नाही. आणि आमच्या घरात सर्वांत बडबडी होती ती हीच.

म्हणून दिवाळीनंतर तुमचा मोबाइल घेऊन मी एसटीने गेले. समोरच्या खोलीत कापूस भरलेला, भाव येईपर्यंत तो तिथेच. त्याला टेकून ती बसली होती. मी सगळं पद्धतशीर केलं. अक्षर मोठं केलं, मोबाइल तिच्या हातात दिला आणि स्पष्ट उच्चारात म्हणाले, "कशी आहेस? तब्येत बरी आहे ना?"

पडद्यावर शब्द उमटले, काना-मात्राही चुकली नाही. ती गावच्या शाळेत चार वर्गच शिकली; बोट ठेवून वाचते. वाचून झाल्यावर म्हणाली, "हे कोण बोलून राह्यलं?"

मी स्वतःकडे बोट दाखवलं.

"तू नाही. हे तं पुण्याची कोणी बाई होय."

मी तशीच बोलत गेले. ती वाचत गेली आणि हो-नाही करत गेली, नव्या पाहुण्यांशी करतात तसं. मग मोबाइल मांडीवर ठेवून तिने विचारलं, "काहून वं बाई, माह्यावर रागावली का तू?"

वडिलांनी मला मामांकडे यवतमाळला ठेवून शिकवलं. पुढे इंग्रजीत एम.ए. केलं, तेच आयुष्यभर शिकवलं. तुमच्याशी बोलते ती मराठीही मी शाळा-कॉलेजातच मिळवली. बहिणीशी मात्र ती कधी बोलले नाही. तिच्याशी मले-तुलेच. भांडण झालं की तेवढ्यापुरती मी पुस्तकी बोलते, असं तिचं म्हणणं, ते खरं असावं.

मग मी मोबाइलशी आमच्या बोलीत बोलून पाहिलं. "मले आता चा पाह्यजे."

पडद्यावर आलं, "मेले आता चार पाहिजे."

तिचा चेहरा उतरला. आत सुनेला हाक मारून म्हणाली, "अवं, कोणाच्या घरचे चार मेले वं?"

सून कणकेच्या हातांनी धावत आली. "कुठं? कोण सांगतलं, मावशी?"

"कोणी मेलं नाही. मी चहा मागितला."

तिने पडदा पाहिला आणि कापसाच्या ढिगावर बसूनच हसायला लागली. "मावशीच्या चहापायी चार लोक गेले वं माय!"

बहिणीला कळलं तेव्हा तीही पदर तोंडाला लावून हसली. मग तिने मोबाइल पालथा ठेवला आणि माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. "आता बोल. इकडे पाह्य अन् बोल."

मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "कान गेले, तोंड तं तसंच हाये वं तुहं."

"तुहं कुठं कमी हाये?" ती ताडकन म्हणाली.

तिला ओठ वाचता येतात. सगळ्यांचे नाही. सून फार भरभर बोलते, मुलगा मिशीतून. माझे येतात, पण तेही मले-तुले म्हणणारे. मी "मला" म्हटलं की ती गोंधळते.

मोबाइल वाया गेला असं समजू नका. राळेगावला तिने तो डॉक्टरांपुढे धरला. ते पुस्तकी बोलतात, त्यांचं सगळं नीट उमटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "इतके वर्स डॉक्टर माह्या पोराशी बोले. आज माह्याशी बोलला." हे ऐकल्यावर त्या यंत्राला नावं कशी ठेवू? पण घरातल्यांची बोली त्याला कळत नाही, आणि त्याला कळेल असं बोलायची घरातल्यांना लाज वाटते. "आमी का टीव्हीवर बातम्या देऊन राह्यलो?" सून म्हणाली. माझ्या वर्गात पोरं भाषा बदलून घेत. आता यंत्रापुढेही माणसांनीच बदलायचं का? तुम्ही जे कॉम्प्युटरचं शिकता आहात त्यातून उद्या तुम्हीच ते सुधाराल, असं मनात येतं. लगेच दुसरं येतं, की तोवर आम्ही दोघी असू का. मग मी एका जागी बसत नाही. आवरलेलं कपाट पुन्हा आवरते. आरशापुढे उभी राहून पुढचे दात ओठाखाली झाकते आणि "मले" म्हणून पाहते. ते "मले" दिसत नाही.

दात गेले आणि कवळी आली की ओठांची ठेवण बदलेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्या मते ती चांगली गोष्ट होती. मी त्याच दिवशी वेळ पुढे ढकलली.

गेल्या आठवड्यात जाऊन बहिणीला हे सांगितलं. एकदा सांगून कळलं नाही, पुन्हा सांगितलं.

"काढ," ती म्हणाली. "पण काढल्यावर पहिले माह्याकडे ये. चार रोज राह्य अन् बोल. शिकीन मी."

तेव्हा दात सोमवारी निघतील, आता वेळ बदलणार नाही. आज ते तोंडात आहेत, आणि बहिणीला माझं मले-तुले अजून दिसतं.