सुखदेवभाऊंची पट्टी

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं ती साऱ्या मोहल्ल्यात सांगत असते. मग हा तीळ नऊ वर्षं कोरडा कसा राहिला? भीतीनं, दुसरं काय. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सांगतो आहे. ओळखत असता, तर आजही गप्प बसलो असतो.

मी वर्ध्यात शाळेत संगीत शिकवतो आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो. आमच्याकडे नोकरदारांचा एक जुना क्लब आहे. कॅरम, बॅडमिंटन, दिवाळीत हौजी, आणि महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी गाण्याची बैठक. गाणारे सगळे हौशी — विम्याचे एजंट, बँकेतल्या मॅडम. साथीला मी, आणि ऑक्टोपॅडवर एक पोस्टमन. ताल त्याचा, सूर माझा. दरवेळी तीच दहा-बारा जुनी गाणी, पण कोणीही गायला उठलं की आधी माझ्याकडे बघायचं. तो मान मला फार आवडायचा.

एका रविवारी शिलाँगकडची एक शिकाऊ डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या लिफ्टमनला घेऊन आली. पन्नाशीचे, सडपातळ, पायात रबरी चपला. सुखदेवभाऊ. ही मुलगी ड्युटीवर जाता-येता लिफ्टमध्ये मोबाईलवर तिची इंग्रजी गाणी लावायची, आणि ऐकून ऐकून त्यांना तो ढंग उचलता आला होता. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत निकाल लावायचा. "डॉक्टरीनबाई म्हनते याले ब्लूज म्हनतात," ते मला हळूच म्हणाले. "मले त निसतं दुखनं वाटते, मास्तर." त्यांनी गुणगुणून दाखवलं, मी त्यांच्या गळ्याला बसणारी पट्टी शोधली — काळी एक — आणि ते गाऊ लागले.

वर नेतो, खाली आनतो, माहा मजला नाई.
वर नेतो, खाली आनतो, माहा मजला नाई.
दार उघडतो साऱ्यायले, मले उतराचं नाई.

कसं सांगू तुम्हाला? आवाज जाडाभरडा, मध्येच फाटल्यासारखा, पण वरच्या सुरावर गेला की असा स्वच्छ उभा राहायचा की खुर्चीत सावरून बसावं लागे. कॅरम खेळणारे स्ट्रायकर हातात धरून दारात येऊन उभे राहिले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं मी सुरांत हात घालून बसलो होतो, आणि गाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. हे खरं आहे. पुढचं सगळं ऐकल्यावरही एवढं खरं माना — किंवा नका मानू.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. मी गावभर सांगत सुटलो की हा माणूस मी शोधला. डॉक्टरणीचं नाव मी कधी घेतलं नाही. "मास्तरनं सूर धरला म्हनून माहा गळा चालते," असं ते स्वतःच सगळ्यांना सांगायचे. मला आणखी काय हवं होतं?

त्या मुलीनं एकदा त्यांचा व्हिडिओ काढला आणि नागपूरच्या एका आयोजकाला पाठवला. त्यात माझी फक्त डावी बाही दिसत होती. आयोजकाचा निरोप आला की पुढच्या बैठकीला मी स्वतः येतो. जमलं तर नागपूरच्या मोठ्या कार्यक्रमात यांना अर्धा तास देऊ. सुखदेवभाऊंनी दोन दिवसांची रजा टाकली आणि नवा पांढरा शर्ट शिवून घेतला. सगळ्यांनी त्यांचं अभिनंदन केलं. मीही केलं. माझ्यासाठी तीस वर्षांत नागपूरहून कोणी आलं नव्हतं — आलंच तर लग्नाची वरात घेऊन.

बघा, मघापासून मी नुसतं गोल गोल फिरतो आहे. येतो मुद्द्यावर.

कीबोर्डवर एक ट्रान्सपोजचं बटण असतं. बोटं नेहमीच्याच जागी चालतात, पण सूर वर किंवा खाली सरकतो. एखाद्याचा गळा बसला असेल तर त्याला सांभाळून घ्यायला आम्ही ते वापरतो, हळूच दोन सूर खाली उतरवतो, आणि गाणाऱ्याची लाज राहते. त्या संध्याकाळी आयोजक पहिल्या रांगेत बसला होता. सुखदेवभाऊ उभे राहिले, माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली. आणि माझं बोट त्या बटणावर गेलं — नाही, गेलं नाही, मी नेलं. तीनदा दाबलं. काळी एकची पांढरी तीन झाली, गाणं तीन सूर वर चढलं.

मी सुरुवातीचे सूर वाजवले, त्यांनी विश्वासानं तोच सूर उचलला. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला मानेच्या शिरा फुगल्या. तिसऱ्या ओळीला, जिथं आवाज उभा राहायचा, तिथं तो चिरकला. हॉलमध्ये कोणीतरी हसलं. त्यांनी घोटभर पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं, आणि तेव्हा बटण खाली आणायला मला एक क्षण पुरला असता. मी आणलं नाही. आवाज पुन्हा चिरकला. आयोजक मोबाईलमध्ये बघू लागला. पोस्टमनचं लक्ष आपल्या काड्यांकडे होतं, त्याला काही कळलं नाही. बँकेतल्या मॅडम गायला उठल्या तेव्हा मी मुकाट्यानं बटण जागेवर आणून ठेवलं.

एवढंच असतं तर कदाचित मला क्षणिक कुबुद्धी वगैरे म्हणून निभावता आलं असतं. पण नंतर ते मागच्या व्हरांड्यात माझ्याजवळ आले. नव्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. त्यांनी सरळ विचारलं, "मास्तर, पट्टी तेच होती ना?"

"तीच होती," मी म्हणालो.

आणि थांबलो का? नाही. वर म्हणालो की वयानं होतं असं, सुखदेवभाऊ, वरचा आवाज उतरला की पुन्हा येत नाही, उगाच ताण देऊ नका. दुसऱ्या दिवशी मी स्वतः त्यांना ज्येष्ठमधाची पुडी नेऊन दिली. काय म्हणाल अशा माणसाला? त्यांनी दवाखान्यातल्या डॉक्टरांना गळा दाखवला. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. सुखदेवभाऊंनी डॉक्टरांचं ऐकलं नाही, माझं ऐकलं. ते क्लबात पुन्हा आले नाहीत. लिफ्टमध्येसुद्धा गुणगुणत नाहीत, असं त्या मुलीनंच मला सांगितलं, आणि कोर्स संपवून ती निघून गेली.

गेल्या थंडीत ते निवृत्त झाले. नाचणगावला भावाच्या शेतात त्यांनी दुपारी रोडग्यांचा बेत केला आणि मला बोलवायला स्वतः घरी आले. दवाखान्यातली पंचवीस-तीस माणसं होती. कोणाला तरी जुनी आठवण झाली — भाऊ, ते लिफ्टचं गाणं होऊन जाऊ द्या! सगळ्यांनी टाळ्या धरल्या. सुखदेवभाऊ लाजले. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "मास्तरले इचारा. मास्तर म्हनत असन त म्हनतो."

सगळे माझ्याकडे बघू लागले. तेही बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की मला ती अजून डोळ्यांपुढून हलवता येत नाही. एक शब्द पुरला असता. 'म्हणा', एवढाच.

मी म्हणालो, "नको, त्यांच्या गळ्याला त्रास होईल."

टाळ्या थांबल्या. सुखदेवभाऊंनी मान हलवली, जणू मी त्यांची अब्रू वाचवली, आणि माझ्याकडे बघून हात जोडले. मग पंगत बसली. पहिली पत्रावळ त्यांनी माझ्यापुढं मांडली, रोडगा स्वतःच्या हातानं फोडून त्यावर तूप ओतलं, आणि वांग्याची भाजी वाढता वाढता म्हणाले, "आरामात जेवा, मास्तर."

मी जेवलो. दोनदा भाजी मागून घेतली.