कोमट काढा

माझ्या आत्याला माफ करणं जमत नाही, आणि त्याची तिला लाजही नाही. घरात नव्यानं आलेल्या सुनेलाही हे पहिल्याच आठवड्यात कळतं.

तरुणपणी ती एका नावाजलेल्या सरांच्या हाताखाली बियाण्यांवर संशोधन करत होती. एकदा सरांनीच खोलीचं दार उघडं टाकलं आणि उंदरांनी सगळी रोपं फस्त केली. भर बैठकीत सर म्हणाले, "ही मुलगी निष्काळजी आहे." झालं. तिची पीएचडी बुडाली. पुढे बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत ती वरच्या खुर्चीपर्यंत पोचली, पण ते वाक्य काही तिच्या घशाखाली उतरलं नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांनी जाहीर केलं, की आपल्या झाडपाल्याच्या काढ्यात भिजवलेलं बी कडाक्याच्या थंडीतही लवकर उगवतं. काढा बाजारात जाण्याआधी आकडे तपासायला समिती नेमली आणि तीत आत्याला घेतलं. तिनं अध्यक्षांना सरळ सांगितलं, "आमचं जुनं वैर आहे." ते म्हणाले, "मग तुम्हीच नीट बघाल."

आत्या कागदांवर तुटून पडली. पण आकडे चोख निघाले! काढ्यातलं बी खरंच आधी उगवत होतं, साध्या पाण्यातलं मागे राहत होतं. ती घरात भांडी आपटू लागली.

"खोटं तर लिहायचं नाही मला," ती म्हणाली, "पण त्या माणसाला शाबासकी द्यायची म्हणजे जिवावर येतं गं."

शेवटी प्रयोग डोळ्यांनी बघायला ती सरांच्या प्रयोगशाळेत गेली. साक्षीला मला नेलं. तिथल्या गारठलेल्या खोलीत मदतनीस बाईंनी शेगडीवरून उतरवलेला काढा गाळला, जरा निवू दिला आणि एका ट्रेमधल्या बियांवर ओतला. शेजारच्या ट्रेला नळाचं पाणी घातलं. आत्यानं दोन्हींत बोट बुडवलं. काढा कोमट होता, पाणी बर्फासारखं. ती अशी हसली की मला धडकीच भरली.

"सर, बी काढ्यानं उगवतंय की उबेनं?"

"काढ्यानंच. आकडे समोर आहेत."

"आकडे खरेच आहेत. पण त्यांवरून एवढं म्हणता येत नाही. आणखी एक ट्रे लावा. साधंच पाणी, पण कोमट."

लावला. काही दिवसांनी कोमट पाण्यातलं बी काढ्यातल्या बियांच्या बरोबरीनं वर आलं.

अहवाल आत्यानं भर बैठकीत स्वतः वाचला, सावकाश, एकेक शब्द चघळत. काढ्याचा गुण या प्रयोगातून सिद्ध होत नाही. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. तिला जराही वाईट वाटलं नाही आणि खरं सांगते, मलाही नाही.

जिन्यात सरांनी तिला गाठलं. "इतकी वर्षं झाली, तरी डूख धरून बसलीस?"

"हो सर," आत्या म्हणाली. "डूख नसता, तर मीही बाकीच्यांसारखी नुसते आकडे बघून सही केली असती."